एसीखालची खुर्ची

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या सुजाताच्या लेकीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "कुठे झाली गं?" तर म्हणाली, "आपल्या पालिकेच्या प्रसूतिगृहात. घराजवळ आहे ना, रिक्षासुद्धा लागली नाही. चालत गेली पोरगी." मी पेढा तोंडात टाकला आणि एकटीच हसायला लागले. सुजाता माझ्याकडे बघत राहिली. तिला कसं सांगणार, की ते प्रसूतिगृह आज चालू आहे याचं थोडं श्रेय एका गळक्या एसीला आहे, थोडं बटाटावड्याला, आणि उरलेलं एका म्हाताऱ्याच्या झोपेला? तिला सांगितलं नाही ते आज इथे लिहिते. निवृत्त झाल्यावर एवढी मोकळीक असायला हरकत नाही.

माझी नोकरी महापालिकेच्या चिटणीस खात्यात झाली. हे खातं नक्की काय करतं, हा प्रश्न मला लग्नात, बारशात आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा विचारला गेला आहे. आम्ही पाणी सोडत नाही, रस्ते खणत नाही, कचरा उचलत नाही. नगरसेवक सभेत जे बोलतात ते आम्ही लिहून घेतो, आणि ते नियमात बसून बोलतील असं बघतो. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "हिचं काम म्हणजे लोकांची भांडणं शुद्ध मराठीत लिहिणं." ते काही खोटं नाही. सभेत एक जण दुसऱ्याला "ए, गप रे, तुला काय कळतंय" म्हणाला, की मी इतिवृत्तात लिहायची, "सन्माननीय सदस्यांनी या मुद्द्यावर असहमती दर्शविली." पुढच्या सभेत ते इतिवृत्त मंजूर व्हायचं, आणि असहमती दर्शवणारा खूश असायचा.

माझ्याकडे शेवटची काही वर्षं पूर्व उपनगरातली एक प्रभाग समिती होती. कुठली ते सांगत नाही, मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत ज्याला जी वाटेल ती त्याने धरावी. प्रभाग समिती म्हणजे त्या भागातल्या नगरसेवकांची लहानशी सभा. आमच्यात अकरा जण होते. गटारं, दिवे, मंडई, दवाखाने असल्या गोष्टींवर महिन्यातून एकदा बसायचं, अधिकाऱ्यांना बोलवायचं, विचारायचं, आणि वडा खायचा.

आणि या समितीचं नवं वर्ष एप्रिलात सुरू व्हायचं. दर एप्रिलात अध्यक्ष नव्याने निवडायचा असा कायदाच. लोक पाडव्याला गुढी उभारतात, आम्ही नावाच्या पाट्या पुसायला घ्यायचो. कोण कुठे बसणार, कोणाच्या शेजारी कोण चालेल, कोणाला पंख्याचा वारा सोसत नाही, कोणाला समोरच्याचं तोंड बघवत नाही, हे सगळं मी आणि आमचा शिपाई शांताराम मिळून ठरवायचो. लग्नातल्या पंगतीपेक्षा हे अवघड. पंगतीत रुसलेला माणूस निदान जेवून जातो.

वॉर्ड ऑफिसच्या फाटकाशी एक फुलवाला बसायचा. अध्यक्ष कोण होणार ते आम्हाला कळायच्या आधी त्याला कळायचं, कारण ज्याला खात्री तो आदल्या दिवशी पुष्पगुच्छ सांगून ठेवायचा. मावळते अध्यक्ष हा आणखी एक प्रकार. एका गृहस्थांना केबिन सोडवेना. रोज "थोडं सामान राहिलंय" म्हणून यायचे. एक दिवस मोबाइलचा चार्जर नेला, दुसऱ्या दिवशी कंगवा, मग देवाचा फोटो, मग त्या फोटोचा खिळा. नवे अध्यक्ष बिचारे बाहेर बाकावर बसून असायचे. शेवटी शांतारामने एक दिवस त्यांना अदबीने विचारलं, "साहेब, खिडकी पण आपलीच का?" त्यानंतर ते आले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अध्यक्षाला एवढं काय असतं? लाल दिव्याची गाडी नाही, फार पैसा नाही, एक केबिन आणि उंच पाठीची खुर्ची. खरं म्हणजे अध्यक्षाच्या हातात एकच मोठी गोष्ट असते, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर कुठला विषय पहिला आणि कुठला शेवटचा, हे तो ठरवतो.

यात काय मोठं, असं वाटेल. तर ऐका. सभा चालायला ठरावीक सदस्य हजर लागतात, त्याला गणसंख्या म्हणतात. आमची गणसंख्या वड्यावर चालायची. सभा सुरू होताना सगळे हजर. चार-पाच विषय झाले की शांताराम ट्रे घेऊन यायचा. वडा, चटणी, चहा. वडा खाऊन झाला की एकेकाला फोन यायला लागायचे. कोणाची सोसायटीत मीटिंग, कोणाच्या कार्यकर्त्याचा साखरपुडा. बघता बघता हॉल रिकामा, आणि मी लिहायची, "गणसंख्येअभावी सभा तहकूब." म्हणजे शेवटच्या विषयाला कोणी विरोध करायचीही गरज नसायची. तो उपाशी मरायचा, इतरांनी वडा खाल्ल्यामुळे.

संगीता वारंग पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका. चाळींमधल्या, माहेर कणकवलीकडचं, नवरा एका कंपनीत सुपरवायझर. विरोधी बाजूला पाच जण होते, त्यात या सगळ्यांत नव्या. त्यांच्या वॉर्डात पालिकेचं एक जुनं प्रसूतिगृह होतं. दुरुस्तीसाठी म्हणून बंद केलं आणि मग ते सगळे विसरून गेले. इमारतीच्या दारात पिंपळ उगवला होता. तिथल्या बाया दिवस भरले की दूरच्या हॉस्पिटलात जायच्या. संगीताताईंच्या शेजारची एक मुलगी हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये, टॅक्सीत बाळंत झाली होती. मूल वाचलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, माझ्या टेबलाशी उभं राहून, आवाज अजिबात न चढवता. मी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

त्या दर महिन्याला लिहून द्यायच्या, "प्रसूतिगृह पुन्हा सुरू करण्याबाबत." आणि दर महिन्याला तो विषय शेवटी लागायचा, कारण अध्यक्ष राजन चुरी होते. चुरीसाहेब सत्ताधारी बाजूचे. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. हसतमुख, सगळ्यांच्या लग्नाला जाणारा. पण अडचणीचा विषय पुढे घेतला की आरोग्य खात्याचे अधिकारी नाराज होतात, ते नाराज झाले की आपली इतर कामं अडतात, एवढा साधा हिशोब त्यांनी मनाशी बांधलेला. संगीताताई चिडल्या की म्हणायचे, "ताई, घेऊ ना, घेऊ. एवढी काय घाई?" घाई कशाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. टॅक्सीतली ती गोष्ट त्यांनाही माहीत होती.

तर त्या एप्रिलात संगीताताईंनी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. त्यांच्या बाजूला पाच, चुरींच्या बाजूला सहा. निकाल फुलवाल्यालासुद्धा पाठ होता. मी म्हटलं, "ताई, कशाला भरता?" तर म्हणाल्या, "मॅडम, हरले तरी त्या दिवशी माझं नाव पहिलं पुकारतील ना? माझा अर्ज पहिला आलाय. या हॉलमध्ये एकदा तरी मला काहीतरी पहिलं होऊ दे."

आता चुरींकडच्या सहांमधले सहावे, तात्या घाडीगावकर. हे आमचं रत्न. गिरणीत आयुष्य काढलेला, संपानंतर पक्षात आलेला मालवणी म्हातारा. चाळीत त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. पण सभेत ते बसले, की दहा मिनिटांत झोपत. ही झोप साधीसुधी नव्हती. पाठ ताठ, चष्मा नाकावर, समोर उघडी कार्यक्रमपत्रिका, आणि आतून घोरणं. फक्त शेजारी बसणाऱ्याला कळायचं. मतदानाची वेळ आली की शेजारी बसलेले चुरी त्यांना कोपराने हळूच ढोसायचे, आणि तात्यांचा हात आपोआप वर जायचा. डोळे बंदच. हात वर गेला की मी नाव वाचायचं, "श्री. घाडीगावकर?" त्यांनी "हो" म्हणायचं, मग मी लिहायचं. हा नियम आहे: वर झालेल्या प्रत्येक हाताचं नाव मोठ्याने वाचायचं आणि होकार घेतल्याशिवाय मत लिहायचं नाही. तात्यांचा होकारही झोपेतलाच असायचा. ट्रे आला की मात्र त्यांना ढोसावं लागत नसे. डोळे उघडून विचारायचे, "काय गो, आज वडो आसा की कटलेट?"

निवडणुकीच्या सकाळी शांताराम धावत माझ्याकडे आला. "मॅडम, वाट लागली. तात्यांच्या खुर्चीवर अभिषेक चाललाय."

हॉलमधला तो एसी दोन उन्हाळे गळत होता. मी दुरुस्तीची पत्रं लिहून थकले होते. इतके दिवस थेंब भिंतीवरून जायचे, त्या दिवशी एसीने जागा बदलली आणि नेम तात्यांच्या खुर्चीवर धरला. खुर्ची, टेबल, पाटी सगळं ओलं. टेबल घोड्याच्या नालेसारखं, एका हाताला सत्ताधारी, दुसऱ्या हाताला विरोधक. जागा फक्त एकच मोकळी होती, समोरच्या टोकाला, संगीताताईंच्या शेजारी.

"ठेव तिथे," मी म्हटलं. "बसायलाच तर लागतंय."

हे मी सहज म्हटलं. पुढे कित्येकांनी मला शपथ घालून विचारलं, आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. आमच्या खात्यात मन कोणाकडेही असो, खुर्ची मात्र कोरड्या जागीच ठेवायची असते.

तात्या आले, पाटी शोधली, समोरच्या टोकाला जाऊन बसले. "बरां आसा, हय वारो येता," म्हणाले, आणि मिटले. चुरीसाहेब बाहेर फोनवर होते, पुष्पगुच्छ कुठवर आलाय ते विचारत. आत आले तेव्हा सभा सुरू होत होती. त्यांनी तात्यांना पलीकडे बसलेलं पाहिलं, जरा थबकले, आणि हसून हातानेच "असू दे" केलं. सहा ते सहाच.

त्या दिवशी सभा चालवायला दुसऱ्या भागातले एक नगरसेवक पीठासीन अधिकारी म्हणून आले होते, शांत, वकिली पेशाचे. बाहेरच्या बाकांवर संगीताताईंच्या चाळीतल्या पाच-सहा बाया येऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या मांडीवर डबा होता. ताई हरल्या तर निदान जेवून तरी जातील, असा त्यांचा विचार असावा.

पीठासीन अधिकारी म्हणाले, "श्रीमती संगीता वारंग यांच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

संगीताताईंनी हात वर केला. जागा अरुंद होती. हात वर नेताना त्यांचं कोपर तात्यांच्या बरगडीला लागलं.

आणि तात्यांचा हात वर गेला.

मी नोकरीत खूप शांतता ऐकल्या आहेत, शोकप्रस्तावाच्या, अंदाजपत्रकाच्या. तशी शांतता नाही ऐकली. मग चुरीसाहेब ओरडले, "अहो तात्या! तात्या, हात खाली घ्या! काय करताय?"

पीठासीन अधिकारी म्हणाले, "सदस्यांनी एकमेकांना सूचना करू नयेत. चिटणीस, नावं वाचा."

मी एकेक नाव वाचत गेले. पाच जणांनी हो म्हटलं. मग मी म्हटलं, "श्री. घाडीगावकर?"

तात्यांनी डोळे उघडले. आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, ही वस्तू कोण आपल्या खांद्याला लावून गेलंय, अशा नजरेने. मग चुरींकडे. मग संगीताताईंकडे. मग दाराशी उभ्या राहिलेल्या बायांकडे. हात अजून वरच. नियमाप्रमाणे त्यांना हात खाली घेता आला असता. मी पेन टेकवलं नव्हतं.

"हो," तात्या म्हणाले.

मी लिहिलं. चुरींच्या नावाला पाच हात आले. संगीताताई अध्यक्ष झाल्या, आणि बाहेर त्या बायांनी काय कल्ला केला विचारू नका. डबा होता तीच बाई सगळ्यात जास्त रडत होती. चुरींचा पुष्पगुच्छ तेवढ्यात आला. फुलवाल्याच्या माणसाने बिचाऱ्याने तो अध्यक्षांच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला देऊन टाकला. पैसे चुरींनीच दिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात तात्या. "अंतरात्म्याच्या आवाजाला कौल." तात्यांचा फोटो, चष्म्यासकट, पाठ ताठ. त्यांच्या चाळीने सत्कार केला. संगीताताई भेटेल त्याला सांगायच्या, "एका माणसाने स्वतःचा पक्ष बाजूला ठेवून माझ्यावर विश्वास टाकला. तो वाया जाऊ देणार नाही मी." पक्षाने तात्यांना नोटीस काढली, पण चाळीत त्यांचा जयजयकार चालू असताना ती पुढे रेटायची कोणाची हिंमत झाली नाही. मलाही वरून पत्र आलं, आसनव्यवस्था ऐनवेळी का बदलली याचा खुलासा करावा. मी एसीबद्दलच्या माझ्या सगळ्या जुन्या पत्रांच्या प्रती जोडून खुलासा केला. त्या आठवड्यात एसी दुरुस्त झाला. दोन उन्हाळे जे झालं नव्हतं ते एका मताने झालं.

संगीताताईंनी पहिल्या सभेत दोन गोष्टी केल्या. प्रसूतिगृह हा पहिला विषय, आणि वडा त्या विषयानंतर. "शांताराम, मी सांगेपर्यंत ट्रे आत आणायचा नाही." आरोग्य खात्याचे अधिकारी उभे राहिले, माहिती घेऊन सांगतो म्हणाले. "घ्या. पुढच्या महिन्यात पहिला विषय हाच." पुढच्या महिन्यात अंदाजपत्रक नाही म्हणाले. "बरं. पुढच्या महिन्यात." अधिकाऱ्यांनी एकदा वीज जोडणीचं कारण सांगितलं, एकदा फर्निचरचं. सदस्य भुकेले, स्वयंपाकघरातून तळणीचा वास येतोय, आणि हा गृहस्थ उभा राहून फर्निचर सांगतोय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून चुरींच्या बाजूचे लोकसुद्धा त्यांच्यावर ओरडायला लागले. "अहो, करून टाका ना एकदाचं!" भुकेपोटी का होईना, एकमत झालं. पिंपळ काढला, प्लास्टर झालं, रंग लागला, खाटा आल्या. राहिल्या होत्या डॉक्टर आणि परिचारिकांच्या नेमणुका. तिथे फाइल अडली, आणि मार्च संपला.

या वर्षभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तात्या झोपत नव्हते. सगळे मान वेळावून बघायचे, अंतरात्मा काय म्हणतोय ते. म्हाताऱ्याची झोपायची सोयच राहिली नव्हती. ते विषय ऐकायला लागले, प्रश्न विचारायला लागले. एकदा पाहणीला प्रसूतिगृहातसुद्धा जाऊन आले, आणि खाटांच्या गाद्या दाबून दाबून बघितल्या.

एप्रिलच्या सभेआधी एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. चहा सांगितला. बशीत ओतून प्यायले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "खरां सांगू तुका? कोणाक सांगू नको."

"काय हो?"

"मी झोपललंय."

मला हसू आवरेना. मनातून मला ते ठाऊक होतंच, पण त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. मी म्हटलं, "पण तात्या, मी नाव वाचलं तेव्हा तर तुम्ही जागे होतात. हात खाली घेता आला असता."

"खाली घेतलो असतो तर सगळ्यांका कळला असता ना, म्हातारो झोपललो. बायका बघत होत्यो दारात. लाज वाटली गो माका." मग बशी खाली ठेवून ते म्हणाले, "आणि ही संगीता. वरीसभर माझ्या पाया पडता. अंतरात्मा, अंतरात्मा. अंतरात्मा कसलो, कोपर लागला तिचा माका." त्यांनी डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं की कसं, ते मी विचारलं नाही.

मला त्यांची कीव आली आणि फार मायाही वाटली. म्हटलं, "मग यंदा?"

"यंदा काय," तात्या उठत म्हणाले. "यंदा चुरी माका बाजूक घेऊन बसतलो."

त्यात शंकाच नव्हती. चुरीसाहेब सकाळी लवकर येऊन स्वतः आसनव्यवस्था बघून गेले. एसी बंद-चालू करून पाहिला. तात्यांची खुर्ची आपल्या डाव्या हाताला ठेवून घेतली, टेबलावर हाताने टकटक करून म्हणाले, "मॅडम, यंदा ही हलणार नाही." पक्षाने व्हिप काढला होता, तोही तात्यांच्या घरी माणूस पाठवून हातात दिला. या वेळी चूक झाली तर पुढचं तिकीट विसरायचं, असं तोंडी सांगितलं होतं. मी आताच सांगून ठेवते, ते तिकीट पुढे खरंच मिळालं नाही.

आणि संगीताताईंना ठाऊक होतं, की चुरी पुन्हा त्या खुर्चीत बसले की प्रसूतिगृह पुन्हा शेवटच्या नंबरावर, वड्यानंतर. रंग लावलेली इमारत, नव्या खाटा, आणि दाराला कुलूप. एक पावसाळा गेला की पिंपळ परत उगवतो. त्या दिवशी त्या आल्या आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन बसल्या. बाहेर त्याच बाया होत्या. या वेळी डबा आणला नव्हता.

वकीलच पीठासीन होते. अर्ज पुन्हा संगीताताईंचाच पहिला. "श्रीमती संगीता वारंग यांच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करावेत."

पलीकडून पाच हात वर गेले.

मी तात्यांकडे बघत होते. सगळेच बघत होते. तात्यांचे डोळे टक्क उघडे. चुरींनी खबरदारी म्हणून त्यांच्या बाहीला धरून ठेवलं होतं, टेबलाखालून, जसं लहान मुलाला जत्रेत धरतात. तात्यांनी त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने हळूच ती बोटं एकेक करून सोडवली, घाई न करता, आणि सगळी बोटं सुटल्यावर हात वर केला. सरळ, कानाला लावून, शाळेत करतात तसा.

"तात्या!" चुरी म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

संगीताताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्यामुळे त्यांचा स्वतःचा हात खाली आला होता, आणि मला त्यांना खुणेने सांगावं लागलं, ताई, हात वर.

मी नावं वाचायला लागले. पाच जणांचा होकार घेतला. मग सहावं नाव.

"श्री. घाडीगावकर?"

तात्यांनी चष्मा नीट केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

"लिही गो बाय. ह्या वर्साक मी जागो आसंय."